फिल्म स्कॅनरचं फर्मवेअर: अपडेटच्या आधीची दुपार

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतच राहून ते चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या अपडेटचं प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं असतं. तयारीला मात्र मी अख्खी दुपार राखून ठेवते, आणि फोन करून "ताई, अपडेट करू का?" असं विचारणाऱ्यांनाही हेच सांगते. आपल्याकडे जे चांगले फिल्म स्कॅनर आहेत ते आता कुणी बनवत नाही. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेरा आणि फोटोच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. निकॉनचे कूलस्कॅन २०१०च्या सुमारास थांबले. हॅसलब्लाडने फ्लेक्सटाइट २०१९मध्ये बंद केला. टेबलावरचं यंत्र गेलं तर दुकानात जाऊन तसंच नवं आणता येत नाही. अशा यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम पुसून तिथे दुसरा लिहायचा, हे काम घाईचं नाही.

मी पुण्यात लोकांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देते. सुरुवात साताऱ्याच्या घरातल्या पेट्यांपासून झाली. वडिलांचा स्टुडिओ होता आणि ओर्वोपासून कोडॅक गोल्डपर्यंत सगळ्या फिल्म त्या पेट्यांत निघाल्या. माझा रोजचा स्कॅनर निकॉनचा सुपर कूलस्कॅन ५००० ईडी. शिवाय एप्सनचा परफेक्शन ३४९० हा साधा, काचेवर ठेवून स्कॅन करायचा फ्लॅटबेड आहे. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः अशा जुन्या यंत्रांबद्दल आहे.

आधी ठरवा, दोष फर्मवेअरचाच आहे का

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा फर्मवेअरशी संबंध नसतो. सांगलीच्या एका स्टुडिओवाल्या दादांचा फोन आला होता. "ताई, नवा कॉम्प्युटर घेतला, स्कॅनर ओळखतच नाही. फर्मवेअर जुनं झालंय."

"दादा, विंडोज कुठलं? चौसष्ट बिटचं?"

"हो, आजकाल तेच मिळतं."

मग झालं. दादांचा स्कॅनर निकॉनचाच, आणि निकॉनने आपल्या या स्कॅनरसाठी ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर आणि कॉम्प्युटरला जोडणारा प्रोग्रॅम, कधी काढलाच नाही. निकॉन स्कॅन हा त्यांचा प्रोग्रॅम ३२ बिटच्या काळातच थांबला. व्ह्यूस्कॅन हा दुसऱ्या कंपनीचा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम टाकला, त्याच्यासोबत येणारा ड्रायव्हर बसवला, आणि दादांचा स्कॅनर चालू झाला. फर्मवेअरला हात लावायची वेळच आली नाही.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे उजळ भागांभोवती धुकट प्रभा दिसणं. लग्नातल्या फोटोत पांढऱ्या फेट्याच्या कडेने उजेड सांडल्यासारखा दिसतो. हे बहुतेक वेळा आतल्या आरशावर बसलेल्या धुळीमुळे होतं, आणि कोकणातून आलेल्या यंत्रांत तर पावसाळ्यातल्या दमट हवेने आरशावर बुरशीचा पातळ थर चढलेला असतो. आरसा पुढच्या बाजूने मुलामा दिलेला असतो, त्यामुळे तो साफ करणं हे माहितगाराचं काम आहे. पण ते सफाईचं काम आहे, प्रोग्रॅमचं नाही.

कूलस्कॅन ८००० आणि ९००० वापरणारे लोक चित्रातल्या आडव्या पट्ट्यांनी हैराण होऊन नवं फर्मवेअर शोधत बसतात. या दोन्ही यंत्रांत सेन्सरच्या तीन ओळी एकाच वेळी वाचतात, त्यामुळे वेग मिळतो. पण त्या ओळींमध्ये बारीक फरक पडला की पट्ट्या दिसायला लागतात. निकॉन स्कॅनमध्ये "सुपर फाइन स्कॅन" नावाची खूण आहे. ती केली की एकच ओळ वापरली जाते. वेळ बराच वाढतो, पट्ट्या जातात. आधी एवढं करून बघा.

फिल्मची पट्टी अडकत असेल तर अॅडॉप्टरचे, म्हणजे फिल्म आत ओढणाऱ्या जोडभागाचे, रबरी रोलर पुसा आणि पट्टीत किती फ्रेम आहेत ते मोजा. निकॉनच्या एसए-२१ला दोन ते सहा फ्रेमची पट्टी लागते. एकच फ्रेम कापून घातली तर तो ती धरणार नाही, आणि ते बरोबरच आहे. कृष्णधवल फिल्मवर चित्र विचित्र खरवडल्यासारखं येत असेल तर डिजिटल आइस बंद करा; ते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी धूळ ओळखून चित्रातून काढतं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची "इंदू" फिल्म वडिलांनी ढीगभर वापरली होती. तिच्यातली चांदी अवरक्त किरण अडवते, म्हणून स्कॅनरला सगळं चित्रच धूळ वाटतं. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी फक्त रंगद्रव्य उरतं, ते हे किरण आरपार जाऊ देतं. इथे नियम फिल्मच्या रसायनाचा आहे.

अपडेट करावं असं मी दोनच वेळा म्हणते. बनवणाऱ्याच्या सूचनापत्रात तुमचाच त्रास जसाच्या तसा लिहिलेला असेल तर, किंवा तुम्ही विकत घेतलेला एखादा अॅडॉप्टर नव्या आवृत्तीशिवाय चालतच नसेल तर. "नवीन आहे म्हणून" हे कारण मला पटत नाही. माझा ५००० ज्या आवृत्तीवर माझ्याकडे आला त्याच आवृत्तीवर आजही काम करतो.

फर्मवेअर राहतं कुठे

हे कळलं की धोका नेमका किती ते कळतं. कूलस्कॅनसारख्या यंत्रांत फर्मवेअर आतल्या चिपमध्ये कायमचं लिहिलेलं असतं. वीज गेली तरी ते राहतं. अपडेट करताना ते पुसलं जातं आणि नवं लिहिलं जातं. या दोन्हींच्या मधल्या वेळात यंत्राकडे पूर्ण प्रोग्रॅम नसतो, आणि घोटाळे याच वेळात होतात.

काही स्कॅनरमध्ये मात्र कायमचं असं काहीच नसतं. माझा एप्सन ३४९० त्यातलाच. चालू केला की कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर एक फाइल त्याच्या तात्पुरत्या मेमरीत भरतो, आणि बंद केला की सगळं विसरलं जातं. लिनक्सवर हा स्कॅनर चालवायला ईएसएफडब्ल्यू५२ नावाची फाइल एप्सनच्या विंडोज ड्रायव्हरमधून काढून ठेवावी लागते, ती हीच. अशा यंत्राचं फर्मवेअर अपडेट म्हणजे फक्त फाइल बदलणं. मध्येच वीज गेली तर स्कॅनर बंद करा, चालू करा, पुन्हा भरा. तुमचं यंत्र या जातीचं असेल तर पुढची निम्मी काळजी तुम्हाला लागू नाही.

आताची आवृत्ती लिहून घ्या

फिल्म स्कॅनर यूएसबीने जोडलेला असो की फायरवायर या जुन्या प्रकारच्या वायरने, बरेचसे आतून स्कझी या जुन्या जोडणीचीच भाषा बोलतात. कॉम्प्युटर विचारतो "तू कोण?" आणि स्कॅनर ठरावीक साच्यात उत्तर देतो: ८ अक्षरांत कंपनी, १६ अक्षरांत मॉडेल, आणि ४ अक्षरांत आवृत्ती. शेवटची ४ अक्षरं म्हणजे तुमच्या फर्मवेअरचा क्रमांक. निकॉन स्कॅनच्या माहितीच्या खिडकीत तो दिसतो, व्ह्यूस्कॅनच्या लॉगमध्येही सापडतो. अपडेट करणारा प्रोग्रॅम काय दाखवतो त्यावर विसंबू नका, आधी स्वतः वाचा आणि वहीत लिहा. सोबत मॉडेल, मागच्या पट्टीवरचा सीरियल क्रमांक आणि तारीखही लिहा.

मॉडेल अगदी नीट वाचा. निकॉनचे एलएस-५० (कूलस्कॅन ५ ईडी) आणि एलएस-५००० (माझा सुपर कूलस्कॅन ५०००) बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, आतून ते सारखे नाहीत. एलएस-५००० मध्ये सेन्सरच्या दोन ओळी आहेत आणि तो एकच ओळ १६ वेळा वाचून सरासरी काढू शकतो. एलएस-५०ला हे येत नाही. दुसऱ्या मॉडेलची फाइल चुकून लिहिली गेली तर ती कुठल्या मोटरला काय सांगेल याचा भरवसा नाही.

नमुना पट्टी

माझ्या दुपारचा सगळ्यात मोठा भाग इथे जातो, आणि लोक नेमकं हेच वगळतात. अपडेटनंतर "रंग जरा वेगळे वाटतात" असं वाटायला लागतं, आणि आधी कसे होते हे दाखवायला हाताशी काहीच नसतं.

डेव्हलप केलेल्या कुठल्याही रंगीत निगेटिव्ह रोलमधून तीन तुकडे मिळतात. रोल कॅमेऱ्यात घालताना उजेड लागलेला सुरुवातीचा तुकडा, जो पार काळा असतो. शेवटची न वापरलेली फ्रेम, जी कोरी नारिंगी असते. आणि एखादी नेमकी, बारीक तपशील असलेली फ्रेम. मी वडिलांच्या रोलमधून किल्ल्याच्या तटबंदीचा एक फोटो निवडलाय, कारण त्यात दगडांचे सांधे आहेत, आकाश आहे आणि सावलीही आहे. फोटो असा घ्या की पुन्हा पुन्हा हाताळून त्यावर ओरखडा आला तरी वाईट वाटणार नाही. तिन्ही तुकडे प्लास्टिकच्या स्लाइड फ्रेममध्ये बसवा. निकॉनच्या एमए-२१ अॅडॉप्टरमध्ये स्लाइड एकेक घालता येते, त्यामुळे पट्टी ओढण्यातला फरक मध्ये येत नाही.

काळ्या तुकड्यातून सेन्सरचा गोंगाट दिसतो आणि कुठल्या रकान्यात रेघ पडते ते कळतं. कोऱ्या नारिंगी तुकड्यातून उजेड सगळीकडे सारखा पडतोय का ते कळतं. फोटोवरून फोकस, आणि लाल, हिरवा, निळा हे तीन थर एकमेकांवर नीट बसतात का ते कळतं. आयटी८ची रंगपट्टीची स्लाइड असेल तर उत्तमच. नसेल तरी या तीन तुकड्यांवर काम भागतं.

आता स्कॅन. सगळ्या सुधारणा बंद ठेवा: रंगदुरुस्ती नाही, धारदारपणा नाही, धूळ काढणं नाही. व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ, म्हणजे कसलीही प्रक्रिया न केलेली फाइल निवडा, प्रत्येक रंगाला १६ बिट, आणि अवरक्त थरही सोबत घ्या. त्याला तिथे ६४ बिट आरजीबीआय म्हणतात. एक्स्पोजर लॉक करा आणि त्याचा आकडा वहीत लिहा. तो आपोआप ठरू दिला तर नंतरच्या तुलनेला काही अर्थ राहत नाही. कूलस्कॅन ५०००वर ४००० डीपीआय, एकदा साधं आणि एकदा १६ वाचनांच्या सरासरीचं, असे दोन्ही करा. फोकसचा बिंदू हाताने एकाच जागी ठेवा.

आणि प्रत्येक तुकडा दोनदा स्कॅन करा. मध्ये स्लाइड बाहेर काढून पुन्हा घाला. आतली मोटर दर वेळी अगदी त्याच केसाच्या रेषेवरून सुरू होत नाही. फोटो एडिटरमध्ये दोन्ही स्कॅन एकमेकांवर ठेवून "डिफरन्स" लावलं की दगडांच्या कडा चमकतात, काहीही बदललेलं नसताना. हा तुमच्या यंत्राचा नेहमीचा फरक. तो आधीच पाहून ठेवला की अपडेटनंतर दिसलेल्या फरकाला उगाच घाबरणार नाही, आणि खरा फरक असेल तर तो सुटणारही नाही.

या सगळ्या फाइल स्कॅनरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

फर्मवेअरची फाइल

बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डाउनलोड पानावरून मिळाली तर तीच घ्या. जुन्या स्कॅनरची पानं काढून टाकलेली असतात. तेव्हा मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याच पानाची जुनी प्रत शोधते. "सगळे ड्रायव्हर फुकट" म्हणणाऱ्या साइटवरून काहीही घेऊ नका. तिथल्या डाउनलोडसोबत भलतेच प्रोग्रॅम येतात, आणि फाइल मूळची आहे की कुणी बदललेली हे कळायला मार्ग नसतो.

कंपनीने फाइलचा एसएचए-२५६ किंवा एमडी५ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, दिला असेल तर तो जुळवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा हे काम करते; एमडी५ हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. आकडा दिलेला नसेल तर फाइल दोन वेगळ्या ठिकाणांहून उतरवा आणि दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडा. झिप फाइल अर्धवट उतरणं हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात टाळता येण्यासारखा घोटाळा आहे. सोबतचं सूचनापत्र शेवटपर्यंत वाचा. काही कंपन्या मधली एक आवृत्ती आधी टाकायला सांगतात, काही ठिकाणी मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही असं लिहिलेलं असतं. परतीची वाट नसेल तर अपडेटचं कारण पुन्हा एकदा तपासा.

वीज, वायर, कॉम्प्युटर

आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि पावसाळ्यात तर नाहीच. स्कॅनर यूपीएसवर लावा. घरच्या इन्व्हर्टरला लाइट गेल्यावर बदल करायला क्षणभर लागतो. काही यंत्रं तो क्षण सोसतात, काही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणून अपडेटच्या आदल्या दिवशी चाचणी घ्या. स्कॅनर चालू करा, तो स्थिर होऊ द्या आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. स्कॅनरचा दिवा लुकलुकला नाही आणि मोटर घुर्र करून पुन्हा जागेवर गेली नाही तरच तो यूपीएस कामाचा. कॉम्प्युटर शक्यतो लॅपटॉप घ्या, बॅटरी पूर्ण भरलेला आणि चार्जर लावलेला. फायरवायरचं यंत्र असेल तर बहुधा डेस्कटॉपच लागेल, तेव्हा तोही त्याच यूपीएसवर हवा.

परदेशातून मागवलेल्या यंत्राच्या मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर काळजी नाही. जपानी अॅडॉप्टरवर नुसतं १०० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगला कित्येकदा अर्थिंग नसतं. स्कॅनरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अपडेट नंतर.

यूएसबीची वायर आखूड आणि चांगली घ्या, मध्ये हब नको. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं, थेट बोर्डावरचं वापरा. जुन्या स्कॅनरना निळ्या यूएसबी ३ पोर्टपेक्षा काळं यूएसबी २ पोर्ट जास्त मानवतं. फायरवायरचा सहा पिनांचा प्लग उलटा किंवा तिरका रेटला गेला तर त्यातली वीज नको तिथे जाऊन पोर्टची चिप जळू शकते. म्हणून कूलस्कॅन ४०००, ८०००, ९०००सारखी यंत्रं दोन्हीकडची पॉवर बंद असतानाच जोडा. मॅकवाल्यांसाठी दोन गोष्टी: मॅकओएसच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि २०२५च्या टाहो आवृत्तीमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. जुनं विंडोज असलेला एखादा कॉम्प्युटर या कामासाठी सांभाळून ठेवणं शहाणपणाचं.

व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने चालवलेल्या दुसऱ्या आभासी कॉम्प्युटरमधून, अपडेट करू नका. स्कॅनिंग त्यातून छान होतं, म्हणून लोकांना अपडेटही होईल असं वाटतं. पण अपडेटच्या दरम्यान किंवा शेवटी स्कॅनर स्वतःला बंद-चालू करून यूएसबीवर नव्याने ओळख सांगतो, कधी वेगळ्या नावाने. त्या क्षणी तो व्हर्च्युअल मशीनच्या हातातून सुटून मूळ कॉम्प्युटरकडे जाऊ शकतो, आणि अपडेट करणारा प्रोग्रॅम अर्ध्यात लटकतो.

कॉम्प्युटरची झोप बंद करा, स्क्रीनसेव्हर बंद करा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, विंडोजचे स्वतःचे अपडेट थांबवा आणि प्रलंबित रीस्टार्ट आधीच करून घ्या. व्ह्यूस्कॅन, सिल्व्हरफास्ट, निकॉन स्कॅन यांपैकी काहीही उघडं नको; दोन प्रोग्रॅम एकाच वेळी स्कॅनरशी बोलायला लागले की कुणाचं काय होईल सांगता येत नाही. बाकीचे स्कॅनर, कॅमेरे, कार्ड रीडर काढून ठेवा. अॅडॉप्टरमध्ये फिल्म अजिबात नको. अपडेट संपल्यावर यंत्र स्वतःची मोटर फिरवून जागा शोधतं, आणि तेव्हा आत कुणाच्या मुंजीची एकुलती एक निगेटिव्ह असणं परवडणार नाही.

प्रत्यक्ष अपडेट

स्कॅनर चालू करा, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत थांबा. अपडेटचा प्रोग्रॅम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तो आताची आणि नवी आवृत्ती दाखवेल. आताची आवृत्ती वहीतल्याशी जुळते का बघा. जुळत नसेल तर तिथेच थांबा, कारण प्रोग्रॅमला तुमचा स्कॅनर नीट वाचता आलेला नाही. जुळली तर सुरू करा आणि हात मांडीवर ठेवा. माउस हलवू नका, दुसरी खिडकी उघडू नका, फोन आला तर वाजू द्या. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की या खोलीतलं कुठलंही बटण दाबायचं नाही. मिक्सर, इस्त्री, गीझर हेही त्या वेळेपुरते बंद.

काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी एका जागी अडकल्यासारखी दिसली तरी बंद करू नका. पुसण्याच्या टप्प्यात ती हलत नाही आणि हे सामान्य आहे. "पूर्ण झालं" असा निरोप आल्यावरच प्रोग्रॅम बंद करा, मग स्कॅनर बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा चालू करा.

नंतरची तपासणी

सगळ्यात आधी आवृत्ती, तीही स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममधून वाचलेली. मग त्या प्रोग्रॅममध्ये कॅलिब्रेशन पुन्हा करा, कारण जुनं मोजमाप जुन्या फर्मवेअरच्या सवयीवर घेतलेलं असू शकतं. मग नमुन्याचे तीन तुकडे, तीच सेटिंग, तोच एक्स्पोजर.

कोऱ्या नारिंगी तुकड्याचा मधला आणि चारही कोपऱ्यांचा सरासरी आकडा आधीच्याशी ताडा. काळ्या तुकड्यावर उजेड वाढवून उभ्या-आडव्या रेघा शोधा. फोटोत दगडांच्या कडांना लाल किंवा निळी किनार आलीय का बघा. अवरक्त थर वेगळा उघडा: त्यात धुळीचे कण आणि ओरखडे दिसले पाहिजेत, चित्र जवळजवळ दिसता कामा नये. हा थर रंगांच्या थरांपासून सरकलेला असेल तर आइस लावल्यावर प्रत्येक कणाच्या शेजारी एक पुसट भुतासारखा डाग उरतो. शेवटी सहा फ्रेमची एक साधी पट्टी एसए-२१मधून आत-बाहेर करून फ्रेमच्या कडा बरोबर पकडल्या जातात का ते पाहा. हे सगळं जुळलं की मगच गिऱ्हाइकाचं काम घाला. मी पहिला दिवस तरी फक्त माझ्या घरच्याच निगेटिव्ह घालते.

बिघडलंच तर

अपडेट मध्येच तुटला आणि स्कॅनर जागचा हलेना, तर वारंवार बंद-चालू करत बसू नका. एकदा बंद करा, वायर काढा, थोडा वेळ थांबा, पुन्हा जोडा आणि विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे "अनोळखी उपकरण" म्हणून का होईना काही दिसलं, तर आतला छोटा सुरुवातीचा प्रोग्रॅम बहुधा जिवंत आहे, आणि तोच अपडेट पुन्हा चालवून यंत्र परत येण्याची चांगली शक्यता आहे. नाव वेगळं दिसतंय म्हणून घाबरू नका.

काहीच दिसत नसेल तर चिपपर्यंत जावं लागतं, आणि ते काम करणारा माणूस शोधा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिप प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं उपकरण, असलेले कारागीर भेटतात. तुम्हाला स्वतःला सोल्डरिंगचा हात असेल तरच उघडा, आणि ज्यांचा पॉवर सप्लाय आतच आहे त्यांच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो हे लक्षात ठेवा. चिपच्या पाठीवरचा आकडा बरंच सांगतो. २५ने सुरू होणारा असेल तर आठ पायांची सीरियल फ्लॅश. २९ असेल तर पुष्कळ पायांची पॅरलल फ्लॅश, तिला वेगळा सॉकेट लागतो. २७ असेल तर ती ईप्रॉम, म्हणजे कॉम्प्युटरवरून पुसता येणारी नव्हेच. २४ किंवा ९३ने सुरू होणारी चिमुकली चिप दिसली तर तिला अजिबात हात लावू नका. तिच्यात सहसा सीरियल क्रमांक आणि त्या एका यंत्रापुरत्या जुळवणीच्या नोंदी असतात, आणि दुसऱ्या स्कॅनरच्या चिपमधली नक्कल तिथे लिहिली की फोकसपासून रंगापर्यंत सगळं दुसऱ्याच यंत्राचं होऊन बसतं.

बाजारात मिळणारा स्वस्त, काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर घेणार असाल तर एक माहीत असू द्या: ३.३ व्होल्टच्या चिपसाठीही तो डेटाच्या वायरींवर ५ व्होल्ट सोडतो. दुरुस्त केलेला किंवा व्होल्टेज बदलता येणारा घ्या. काहीही लिहिण्याआधी चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइल एकसारख्या आल्या तरच पुढे जा, आणि ती वाचलेली फाइल सीरियल क्रमांकाच्या नावाने जपून ठेवा. कारागिराकडे यंत्र देताना ती फाइल, अपडेटची मूळ फाइल आणि वहीतल्या पानाची झेरॉक्स सोबत द्या. त्याला जुनी आवृत्ती कोणती होती आणि अपडेट नेमका कुठल्या टप्प्यावर तुटला हे माहीत असलं की अंदाजाने चिप बदलून बघायची गरज पडत नाही.